मढ्यावाचून दोन बार

१

दुपारची जेवणं उरकली होती. बोळ्ळव्वा पानाला चुना लावत होती, तेवढ्यात नंजप्पाच्या घराकडून बार झाला. पाठोपाठ दुसरा.

तोरेकेरीत एक बार म्हणजे मुलगा जन्मला. दोन म्हणजे माणूस गेलं. हे कळायला शाळा लागत नाही, आणि बोळ्ळव्वाला शाळा तशी मानवलीच नव्हती. पान तिच्या हातातच राहिलं. नंजप्पा तिचा पाठचा भाऊ. वर्षापूर्वी त्याची बायको पोन्नव्वा गेली, तेव्हाही हेच दोन बार, ह्याच दिशेनं.

तिनं पांढरं लुगडं नेसलं, काठी घेतली आणि बांधावरून निघाली. चहूकडून माणसं येत होती, सगळी पांढऱ्यात. कोणी चुलीवरचा भात उतरवून आलं होतं, कोणी अर्धी दाढी करून. उद्या हत्यारांच्या पूजेचा सण, घरोघर साफसफाई चाललेली. पण दोन बार ऐकल्यावर कोडवा जमातीचा माणूस हातातलं काम पुरं करत बसत नाही.

पायऱ्यांवर नंजप्पा स्वतः उभा होता. पलटणीतून आणलेला जाड खाकी कोट अंगात, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खाली गुडघ्याशी पांढऱ्या कापडाची कड. केस ओले.

बोळ्ळव्वाचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तिला राग आला. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही, अक्कय्या."

"मग बार काय उंदरांनी काढले?"

"मला ठाऊक नाही. मी न्हाणीघरात होतो."

सून देचम्मा मागच्या दारानं आली, अंगावर शाल घट्ट गुंडाळलेली. मुलगा कुशालप्पा विराजपेटहून सणाचं डुकराचं मटण घेऊन फाटकाशी पोचला होता. तो पिशवीसकट धावत आला. वरच्या खोलीत भाड्यानं राहिलेली बेंगळुरूची पोरगी चैत्रा धबधब्याच्या वाटेनं उतरली. कुशालप्पाची पोरं शिकायला बाहेरगावी, म्हणजे घरातली माणसं संपली. कुत्रासुद्धा धडधाकट होता.

गावचा तक्क उत्तय्या पुढे झाला. न्यायनिवाडा त्याच्याकडे, आणि ते तो कोणाला विसरू देत नसे.

"मढ्यावाचून दोन बार," तो म्हणाला. "माझ्या आज्यानंही असलं ऐकलं नसेल. आज आम्ही धावलो. उद्या खरंच कोणी गेलं, आणि लोक म्हणाले की असेल कोणाची मस्करी, तर तिरडी कोण उचलणार?"

तो एक पायरी वर चढला.

"दिवेलागणीच्या आत मला नाव पाहिजे. नाही मिळालं तर या घराची बंदूक मी माझ्या हातानं ठाण्यात नेऊन देतो. उद्याच्या सणाला नारळावर या घराचा नेम नाही, आणि पुढंही नाही."

नंजप्पाचा चेहरा पांढरा पडला. ती बंदूक त्याच्या पणज्याच्या हातची. बोळ्ळव्वाही त्याच घरात जन्मली होती. तिच्या जन्माला बार काढला नव्हता, कारण मुलीला काढत नाहीत, आणि हे तिनं अजून कोणाला माफ केलं नव्हतं. पण घर तिचं होतं.

"नाव मी काढते," ती म्हणाली. "तोवर कोणी घरी जायचं नाही. देचू, भात टाक. गाव जेवेल."

आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की सगळं गाव एकाच माणसाकडे बघतंय. चैत्राकडे.

२

चैत्रा वकिलीचं शिकत होती. आठवडाभर घराघरांत फिरून विचारत होती की बाकीच्या मुलखात बंदुकीला परवाना लागतो, तुम्हाला कोडवा म्हणून जन्मानंच सूट, तर आजच्या काळात ती कशासाठी हवी? कालच तिनं जेवताना नंजप्पाशी वाद घातला होता. बोळ्ळव्वाही होती तिथं, वाढायला आणि बोलायलाही; सगळं गाव तिला मावी, म्हणजे आत्या, म्हणायचं.

"राजा गेला, लढाया गेल्या," चैत्रा म्हणाली होती. "पोलिस आहेत, फोन आहेत. मग घरात बंदूक कशाला?"

"रानडुक्कर तुझ्या फोनला भिणार आहे?" बोळ्ळव्वानं विचारलं होतं.

"डुकरांसाठी गावाला दोन पुरेत, मावी. आणि खरं सांगू? घरातली बंदूक परक्यावर क्वचित चालते. चालते ती घरच्याच माणसावर."

त्यावर नंजप्पा पानावरून उठून गेला होता. भात तसाच.

आता तीच पोरगी पडवीच्या कोपऱ्यात बसली होती, आणि आसपास हातभर जागा मोकळी सुटली होती. बोळ्ळव्वा तिच्या शेजारी जाऊन बसली.

"गावाचं हसं करायला तू बार काढलेस, असं म्हणतायत."

"मी बंदूक हातात धरलेलीसुद्धा नाही." चैत्रानं डोळे पुसले. "ते मला पोलिसांत देतील का?"

"आधी मला उत्तर दे, मग रड. धबधब्यावर कशाला गेली होतीस पावसाची?"

"नंजप्पा अप्पय्यांनीच पाठवलं. म्हणाले, आज पाणी छान असेल, सावकाश ये, घाई करू नको. काल एवढे रागावले होते, म्हणून मला बरं वाटलं."

"आणि येताना काय दिसलं?"

"काही नाही. न्हाणीघराच्या धुराड्यातून धूर निघत होता. मला वाटलं, भरदुपारी कोण अंघोळ करतंय."

बोळ्ळव्वानं पान तोंडात टाकलं. पहाटे उठून थंड पाण्यानं अंघोळ करणारा तिचा भाऊ. पलटणीत जडलेली सवय ती. बायको गेली त्या दिवशीसुद्धा मोडली नव्हती.

"मावी, मी नाही केलं हो."

"ठाऊक आहे. तू केलं असतंस तर बंदूक तिथंच टाकून पळाली असतीस. ज्यानं केलं त्यानं ती परत जागेवर ठेवलीय. ऊठ, कांदे चीर. बसून राहिलीस तर लोकांना अजून सुचेल."

३

बंदूक पूर्वजांच्या खोलीत होती. दोन नळ्यांची, जुनी, दस्त्याचं लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं. समोर दिवा तेवत होता. दिवा दुपारी लावत नाहीत इथं, संध्याकाळी लावतात.

तिनं नळ्यांशी नाक नेलं. जळक्या दारूचा वास. हीच होती. मग तिनं दस्ता दिव्यापुढे धरला. खांद्याला टेकतो त्या टोकाशी लाकडात एक ओरखडा होता. ताजा, आतलं पिवळं लाकूड दाखवणारा. सुईनं ओढल्यासारखा बारीक.

"कुशालप्पा, आत ये."

भाचा आला. चाळीशीचा, कॉफीच्या मळ्यात राबून काळवंडलेला.

"गेल्या महिन्यात तू आणि तुझा बाप का भांडलात?"

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या घराच्या भिंती माझ्या ओळखीच्या आहेत."

त्यानं मान खाली घातली. "मी एवढंच म्हणालो, अप्पा, तुमचा हात कापतो, नजर अधू झाली, आता बंदूक मला द्या. तर म्हणाले, बंदूक देईन त्या दिवशी मी संपलो असं समज. तेव्हापासून नीट बोलत नाहीत. आज सकाळी मात्र स्वतः बोलावलं आणि ही दिली." त्यानं कमरेची चांदीच्या मुठीची कट्यार दाखवली. घरातला कर्ता ती सणाला पूजा करून पुढच्याला देतो. "मी म्हणालो, उद्या द्या की, पूजेनंतर. तर म्हणाले, घे रे, उद्याचं उद्या."

"काडतुसं कुठं असतात?"

"ट्रंकेत. किल्ली अप्पांच्या करगोट्याला. कोणाला देत नाहीत, झोपेतसुद्धा नाही."

"आणि बंदूक इथं असते ती भरलेली की रिकामी?"

"रिकामी. पूर्वजांपुढं भरलेली बंदूक कोण ठेवील, मावी?"

बोळ्ळव्वा दिव्याकडे बघत राहिली. बाहेर गाव डोकं खाजवत होतं, बार कोणी काढला, बार कोणी काढला. सगळे शहाणे, आणि एकानंही दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

रिकाम्या बंदुकीतून बार निघत नाही. मग ती भरली कोणी? आणि कोणासाठी?

४

स्वयंपाकघरात बायांची गर्दी होती. देचम्मा तांदळाच्या कण्यांचे गोळे वळत होती, डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर होता. शाल अजून अंगावरच, चुलीपुढंही.

"बायांनो, जरा बाहेर जा. पुरुषांना पाणी द्या, ते बसल्या जागी वाळतायत."

बाया गेल्या. बोळ्ळव्वानं फळीकडे बोट केलं. "देचू, ते पितळी पातेलं काढ."

देचम्मानं डावा हात वर केला.

"उजव्यानं काढ."

देचम्मा तशीच उभी राहिली. बोळ्ळव्वानं पुढं होऊन शाल हळूच बाजूला केली. कोडवा बाई पदर पुढून आणून उजव्या खांद्यावर पिनेनं अडकवते. देचम्माची चांदीची पीन अख्ख्या गावाला माहीत होती, सासूनं लग्नात दिलेली. आज तिथं कपड्यांचा साधा चिमटा होता, आणि चोळीच्या कडेशी खांदा काळानिळा झाला होता.

"बंदुकीला ओरखडा आहे. पीन कुठंय?"

देचम्मानं कनवटीची पीन काढून ओट्यावर ठेवली. मधोमध वाकलेली.

"मी काढले बार," ती म्हणाली. "तक्कांना माझं नाव सांगा. वेड लागलं होतं म्हणा, मस्करी केली म्हणा. काहीही म्हणा. चैत्राला मात्र सोडायला सांगा."

"मस्करी करणारी तू नाहीस. जोक सांगितला तर दुसऱ्या दिवशी हसतेस तू. का काढलेस?"

"ते विचारू नका, मावी."

"तुला ठाऊक आहे ते काय करतील? मढ्यावाचून बार काढणाऱ्या सुनेला पुन्हा पूर्वजांच्या खोलीत पाय ठेवता येणार नाही. तुझ्या पोरांच्या लग्नात तू दाराबाहेर उभी राहशील."

"राहीन."

एवढंच. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड मिटलेलं. बोळ्ळव्वाला ही सून आधी फारशी आवडली नव्हती. मिळमिळीत वाटायची. आता तिनं नव्यानं बघितलं तिच्याकडे.

"तुला कुठं पाठवलं होतं आज?"

"माहेरी. अप्पय्या म्हणाले, आईला सणाचं पोचवून ये, रात्री तिथंच राहा. आणि सासूबाईंची माळ हातात ठेवली. म्हणाले, आता तुझीच." ती थांबली. "मी ओढ्यापर्यंत गेले. मग पाय पुढं पडेनात."

बोळ्ळव्वानं खिडकीतून अंगणात बघितलं. शेकोटीभोवती माणसं बसली होती, धगीनं सगळ्यांनी सदऱ्यांची बटणं सोडली होती. एकटा नंजप्पा तेवढा गळ्यापर्यंत बंद. कपाळावरून घाम ओघळत होता, तरी कोट काढत नव्हता. खाली गुडघ्याशी ती पांढरी कड.

इथं आज सगळेच पांढऱ्यात होते. म्हणून तर कोणाला खटकलं नाही. पण गावानं बार ऐकून पांढरं घातलं. हा तर न्हाणीघरात होता. ह्यानं कधी घातलं?

ती अंगणात गेली, भावाच्या पाठीशी वाकली आणि वास घेतला. धूर नव्हे, घाम नव्हे. डांबरगोळ्यांचा वास. ट्रंकेच्या तळातला.

ट्रंकेच्या तळाशी कोडवा पुरुष एकच कपडा ठेवतो. पांढरा कुप्या, गुडघ्यापर्यंतचा अंगरखा. सणासमारंभाला काळा घालतात. पांढरा अंगाला दोनदाच लागतो, एकदा नवरदेव होताना आणि एकदा चितेवर जाताना.

बोळ्ळव्वाच्या हातातली काठी गळून पडली.

५

दिवेलागण झाली. उत्तय्या पायरीवर उभा राहिला. "मावी, नाव?"

"सांगते. आधी खाली बस, तुझ्याकडे वर बघून माझी मान दुखते."

तो बसला. बोळ्ळव्वा उभी राहिली.

"बार या घरच्या बाईनं काढले. दस्त्यावर पिनेचा ओरखडा आहे, पदराच्या पिनेचा, आणि देचूच्या खांद्यावर दस्त्याचा. बेंगळुरूची पोरगी पदर घेत नाही, तेव्हा तिला कांद्यांपासून सोडवा."

गलका झाला. कुशालप्पा उठून बायकोकडे बघायला लागला. देचम्मा दारात खांबाला धरून उभी होती.

"मग ठरलं," उत्तय्या म्हणाला. "बंदूक ठाण्यात. आणि या मुलीनं आजपासून..."

"मी संपवलं नाही. देचूकडे काडतुसं नव्हती. बंदूक आधीच भरलेली होती, पूर्वजांपुढं, दोन्ही नळ्या. ज्यानं भरली त्यानं आज पोराला कट्यार दिली, सुनेला माळ दिली, एकेकाला घराबाहेर काढलं, आणि भरदुपारी ऊन पाण्यानं अंघोळ केली. तो कोण, हे मी सांगणार नाही. नाव मागितलंस, नाव दिलं. हे दुसरं नाव तुला मागायचं असेल तर माझ्या डोळ्यांत बघून माग."

उत्तय्यानं मागितलं नाही. पण आपला हुकूमही त्यानं मागं घेतला नव्हता, आणि देचम्मा खांबाशी तशीच होती.

शेकोटीशी हालचाल झाली. नंजप्पा उठला होता. त्याचे हात एवढे कापत होते की वरचं बटण सुटेना. कोणी मदतीला गेलं नाही, कारण काय चाललंय ते कळत नव्हतं. शेवटी कोट उघडला, आणि आतून पांढरा कुप्या दिसला.



"बार मी भरला," नंजप्पा म्हणाला. "पोरीला बोलू नका."

बोळ्ळव्वाला रडू आलं असतं, म्हणून तिनं तोंड उघडलं. "पुन्हा लग्न करायचं होतं तर मला सांगायचंस, मेल्या. अडुसष्टाव्या वर्षी बायको शोधायला वेळ लागतो."

कोणीतरी मागं हसलं, मग आणखी कोणी, आणि हसता हसता दोनतीन बाया डोळे पुसायला लागल्या. नंजप्पा पायरीवर बसला.

"महिन्यापूर्वी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तिन्हीसांजेला भातात डुक्कर दिसलं. मी नेम धरला. बोट घोड्यावर होतं. आणि डुक्कर खोकलं." त्यानं कुशालप्पाकडे बघितलं नाही. "हा होता. पाटाचं पाणी वळवत होता. त्याला अजून माहीत नाही. तेव्हापासून डोळा लागत नाही. बंदूक देऊन टाकावी, तर मग मी कोण? एक म्हातारा, ज्याला पेज पाजायची. म्हटलं, बंदुकीच्या आधी आपण जावं."

कुशालप्पा बापाजवळ जाऊन बसला. मुलाचा हात बापाच्या पाठीवर होता आणि तो तिथंच राहिला.

"तू तरी काडतुसं काढून फेकायचीस," उत्तय्या देचम्माला म्हणाला. आवाज उतरला होता. "बार कशाला?"

"परत आले तर खोलीत दिवा, बंदूक भरलेली. ती काढली तरी ट्रंकेत आणखी होती." देचम्मा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "मी विचारलं असतं तर म्हणाले असते, काही नाही, जा माहेरी. फोन कोणाला करू? काय सांगू, की अप्पय्या अंघोळ करतायत? मी एकटी त्यांना किती वेळ धरून ठेवणार होते? दोन बार काढले तर गाव येतं. विचारत नाही, येतं. आलात ना सगळे?"

उत्तर बोळ्ळव्वानं दिलं.

"एक बार जन्माला, दोन मरणाला. मधल्या सगळ्यासाठी आपल्याकडे बारच नाही, तक्क. मधे माणूस बुडत असलं तर त्यानं काय उडवायचं? या पोरीनं मरणाचा बार मरणाच्या आधी काढला. ही खोटी हाक असेल तर खरी कुठली ते तू मला सांग."

उत्तय्यानं डोक्यावरचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. "बंदूक घरात राहील," तो म्हणाला. "किल्ली?"

नंजप्पानं करगोट्याची किल्ली सोडायला घेतली. यावेळी गाठ सुटली. त्यानं ती मुलाला दिली नाही. देचम्माच्या तळहातावर ठेवली.

"तुझ्याकडे असू दे. तुला ठाऊक आहे ती कशासाठी असते."

चैत्रा कोपऱ्यातून बघत होती, कांद्यानं डोळे लाल. बोळ्ळव्वा तिच्यापाशी जाऊन थांबली.

"काल तू म्हणालीस, बंदूक घरच्याच माणसावर चालते. खोटं नव्हतं ते. मला काल झोंबलं, म्हणून मी डुक्कर पुढं केलं. भाऊ का उठून गेला ते बघायला हवं होतं मी."

"आणि मी म्हणाले, फोन आहेत," चैत्रा हळूच म्हणाली. "फोनवर एवढी माणसं आली नसती, मावी."

"हं. लिही तुला काय लिहायचं ते. दोन्ही लिही. आणि जेवून घे, शेफारू नकोस."

त्या रात्री कोणी घरी गेलं नाही. पडवीत चटया पडल्या, आणि नंजप्पाच्या दोन्ही बाजूंना घोरणारी माणसं होती. त्यानं सकाळी तक्रार केली की झोप झाली नाही. पण त्याच्या घोरण्यानंच चारजण उठून बसले होते, हे बोळ्ळव्वानं सर्वांदेखत सांगितलं.

६

सणाच्या सकाळी पाऊस थांबला होता. बंदूक पुसली, गंध लावलं, नळीला कळलावीचं लालपिवळं फूल बांधलं. ह्या मुलखात त्याला बंदुकीचंच फूल म्हणतात. पूजा झाली. नारळाला नेम धरायला अजून वेळ होता, आणि पाहुणे आंघोळीला आपापल्या घरी गेले होते.

"देचू," बोळ्ळव्वा म्हणाली, "काल दोन बार झाले ते अजून हवेत आहेत. पलीकडच्या डोंगरावरच्या लोकांना कोणी सांगितलं नाही, ते अजून सुतकात बसले असतील. एक काडतूस काढ."

"एकच?"

"एकच."

देचम्मानं ट्रंक उघडली. सरळ केलेली पीन तिनं आज डाव्या बाजूला लावली होती. खांदा दुखत होता, तरी तिनं दस्ता नीट टेकवला आणि आभाळाकडे बार काढला. तो दरीवरून गेला, आदळला आणि परत आला.

मग सगळं शांत. आणि मग बांधावरून माणसं दिसायला लागली, एकेक करून, घाईनं. सगळ्यांत पुढं उत्तय्या, एका पायात चप्पल, सणाचा काळा कुप्या अर्धा बांधलेला.

"एक बार झाला," तो धापा टाकत म्हणाला. "कोणाला झालं? या घरात तर कोणी पोटुशी नव्हती."

"आमच्याच घरात झालं," बोळ्ळव्वा म्हणाली.

"मुलगाच ना?"

"मुलगा. अडुसष्ट वर्षांचा. दात जरा कमी आहेत."

उत्तय्यानं पडवीत बघितलं. नंजप्पा काळा कुप्या घालून बसला होता. पांढरा त्यानं स्वतः घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता, आणि मांडीवर नारळ घेऊन, कापऱ्या हातांनी, नेमबाजीसाठी त्याला दोर बांधत होता. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

"नाव काय ठेवलं?" उत्तय्यानं विचारलं.

"जुनंच," बोळ्ळव्वा म्हणाली. "वापरलेलं आहे, पण टिकाऊ आहे. आत ये, चप्पल कुठं टाकलीस ती?"